दोन छोट्या मुलखांचे जंगल : गोवा आणि सावंतवाडी

दहावीच्या भूगोलाचे पुस्तक ज्यांनी अलीकडे उघडले असेल त्यांना ठाऊक आहे, ते सगळे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर बेतलेले आहे. हवामान, नद्या, लोकसंख्या, शेती आणि अर्थातच वने. मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण शाळेत माणसे कमी पडली की भूगोलाचा तासही गळ्यात येतो. असाच एकदा अॅमेझॉनच्या जंगलाचा भाग चालला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, हे दोन्ही देश केवढे मोठे आहेत. त्यातलं आपल्याला काय समजणार? दोन छोटे देश घ्या ना."

तिचे म्हणणे मला पटले. मोठ्या देशाचा आकडा म्हणजे सरासरी असते आणि सरासरीत सगळे बुडून जाते. आमच्या कोपरगावात उभे राहून भारताच्या वनक्षेत्राची टक्केवारी पाठ करणे मोठे विनोदी काम आहे. गोदावरीच्या कालव्यांवर ऊस आहे, बांधावर बाभळी आणि लिंब आहेत, नदीकाठी वेडी बाभूळ माजली आहे. जंगल म्हणावे असे काही बघायचे तर अकोल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी जावे लागते. आख्ख्या नगर जिल्ह्यातले वनाच्छादन दोन टक्क्यांच्याही आत आहे. म्हणून मुलांना सांगितले, दोन छोटे देश शोधा, शेजारी असतील तर उत्तम, आणि त्यांच्या जंगलाचे काय काय झाले ते लिहून आणा.

बहुतेकांनी हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक आणले. इंटरनेटवर ती जोडी प्रसिद्ध आहे. एकच बेट, मध्ये सरहद्द, एका बाजूला डोंगर उघडे आणि दुसऱ्या बाजूला हिरवे, असा फोटो सगळीकडे फिरतो. कारणेही खरी आहेत. हैतीने १८०४ मध्ये फ्रेंचांना हाकलून स्वातंत्र्य मिळवले आणि १८२५ मध्ये त्याच फ्रान्सने पंधरा कोटी फ्रँकची भरपाई त्याच्या मानेवर बसवली. मालकांचे "नुकसान" झाले म्हणून गुलामांनी पैसे भरायचे. ते फेडताना मौल्यवान लाकूडही परदेशी गेले. पुढे चूल पेटवायला कोळशाशिवाय दुसरे काही उरले नाही. पलीकडे डोमिनिकन सरकारने १९६७ मध्ये लाकडाच्या गिरण्या बंद पाडल्या आणि पुढे स्वयंपाकाच्या गॅसला सवलत दिली. एवढ्यावर मुलांचा निबंध संपत होता.

पण आकडा मागितला की गडबड सुरू. हैतीत फक्त दोन टक्के जंगल उरले, हे वाक्य वर्षानुवर्षे छापले जात होते. नंतर उपग्रहाच्या चित्रांवरून काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवले की झाडांखालची जमीन त्याच्या कितीतरी पट आहे. मग २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी लिहिले की माणसाचा हात न लागलेले मूळ जंगल एक टक्काही राहिलेले नाही. यात खोटे कोणी बोलत नाही. एकाने झाड मोजले, दुसऱ्याने जंगल मोजले. मुलांना हे सांगताना मला आपल्याच बाजूची एक जोडी आठवली. आज त्या दोघांना कोणी देश म्हणणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी दोघांची हुकूमत वेगळी होती, कायदा वेगळा होता आणि एकाची तर भाषाही सात समुद्रांपलीकडची होती. गोवा आणि सावंतवाडी.

गोव्याचे क्षेत्रफळ ३७०२ चौ. किमी. सावंतवाडी संस्थान सुमारे ९२५ चौरस मैलांचे, म्हणजे जवळपास २४०० चौ. किमी. दोन्ही सह्याद्रीच्या कुशीत. पाऊस सारखा, जांभा दगड सारखा, ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ ही झाडेही सारखी. मध्ये तेरेखोलची खाडी आणि काही ओढे. बांद्याच्या पुढे पात्रादेवीला १९६१ पर्यंत परदेशाची सरहद्द होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातली एक जागा हीच. आज तिथून बस जाते आणि प्रवाशांचे लक्ष पेट्रोल कुठे स्वस्त आहे याकडे असते.

तुलना करायला घेतली की पहिली अडचण येते ती सरहद्दीचीच, कारण ती एका जागी राहिलेली नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतला. पण पुढची अडीचशे वर्षे त्यांच्या ताब्यात मुख्यतः तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढाच किनाऱ्याचा पट्टा होता. त्याला ते "जुन्या काबिजादी" म्हणत. खारफुटी, खाजणातली भातशेती, माड आणि चर्च. डोंगर आणि घनदाट रान दुसऱ्यांचे होते. दक्षिणेकडचा भाग सोंद्याच्या राजाचा. हैदर अलीने १७६३ मध्ये बिदनूर घेतले आणि सोंद्यावर चाल केली, तेव्हा तो राजा पळून पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख त्याच्या मागोमाग पोर्तुगीजांच्या पदरात पडला. उत्तरेकडचा भाग सावंतवाडीकर भोसल्यांचा. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात सावंतवाडी दमलेली होती. १७८१ ते १७८८ या सात वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे त्यांच्या हातून गेले. या झाल्या "नव्या काबिजादी".

आता आजच्या गोव्याचा नकाशा घ्या. म्हादई अभयारण्य सत्तरीत. भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान जुन्या सांगे भागात. नेत्रावळी सांग्यात, खोतीगाव काणकोणात, बोंडला फोंड्याकडे. चोडण बेटावरचे सलीम अली यांच्या नावाचे छोटेसे पक्षी अभयारण्य सोडले, तर गोव्याची सगळी अभयारण्ये नव्या काबिजादीत आहेत. ज्याला आपण गोव्याचे जंगल म्हणतो ते जवळपास सगळे १७६० साली गोव्याचे नव्हतेच. त्यातली सत्तरी तर सावंतवाडीची. म्हणजे अठराव्या शतकात गोव्याचे वनक्षेत्र एकदम वाढले आणि सावंतवाडीचे एकदम घटले, आणि त्यासाठी एक रोपही कोणी लावले नाही, की तोडलेही नाही.

राज्यकर्त्यांना या रानाचे प्रेम होते असे समजायचे कारण नाही. त्यांना त्याची भीती होती. सत्तरीच्या राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध पुन्हा पुन्हा बंड केले. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, १८९५ मध्ये दादा राणे उठले. दोन्ही वेळा रानच त्यांचा किल्ला होते. इकडे सावंतवाडीत १८३८ पासून कारभार इंग्रजांनी आपल्या हातात घेतला होता. १८४४ मध्ये कोल्हापुरात गडकऱ्यांचे बंड झाले, त्याची आग सावंतवाडीत पोहोचली. फोंड सावंत आणि त्यांचे साथीदार मनोहर-मनसंतोष गडांच्या परिसरात लढले आणि पराभव समोर दिसल्यावर रान तुडवत गोव्यात गेले. पोर्तुगीजांनी आसरा दिला. इंग्रजांचा बंडखोर पोर्तुगीजांच्या रानात, पोर्तुगीजांचा बंडखोर वेळ आली की सावंतवाडीच्या रानात. दोन सरकारे एकमेकांकडे डोळे वटारून बघत होती आणि मधले झाड दोघांच्याही शत्रूला सावली देत होते.

भीतीबरोबर लोभही होता. सागवान म्हणजे त्या काळाचे पोलाद. पोर्तुगीजांची जहाजे गोव्यात आणि दमणला बांधली जात. दमणला बांधून १८४३ मध्ये पाण्यात सोडलेले एक मोठे लढाऊ गलबत नगर हवेलीच्या सागवानाचे होते. ते आज लिस्बनजवळ संग्रहालय म्हणून उभे आहे. इंग्रजांचे मुंबईचे गोदीवाडे कोकणातल्या आणि मलबारच्या सागवानावर चालत. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात तर मोठी गंमत झाली. कंपनी सरकार आल्यावर थोड्याच वर्षांत तिथल्या इंग्रज कलेक्टरने झाडांवरचा सरकारी हक्क सोडून दिला. रयतेची झाडे रयतेला, असा उदार हिशेब. लोकांनी झाडे विकली आणि लाकूड मुंबईच्या बाजारात गेले. पुढे १८७८ च्या वन कायद्याने देशभर राखीव जंगले आखायला सुरुवात झाली, तेव्हा रत्नागिरीत सरकारकडे आखायला फारसे काही उरले नव्हते. आजही त्या जिल्ह्यात सरकारी वन एका टक्क्याच्या आसपास आहे. पण एस.टी.तून खिडकीबाहेर बघा, हिरवाईला खंड नाही. ती सगळी लोकांच्या सातबाऱ्यावर आहे.

मला वाटते, दोन मुलखांच्या जंगलाची खरी तुलना इथे सुरू होते. झाडे किती हा नंतरचा प्रश्न. जमीन कोणाच्या नावावर लागली हा आधीचा.

गोव्यात डोंगराळ भागातली बरीच जमीन सरकारच्या नावावर गेली. उरलेल्यात गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी होत्या, ज्यांना पोर्तुगीज "कोमुनिदाद" म्हणत. सत्तरीत राण्यांचे मोकासे होते. शिवाय "आल्वारा" नावाचा एक प्रकार होता, म्हणजे पडीक जमीन लागवडीसाठी द्यायची, लागवड केली तर हक्क पक्का होणार. या आल्वाऱ्यांवर मुख्यतः काजू लागला. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनीच आणलेला, म्हणजे आमच्या पाठ्यपुस्तकातले ब्राझील इथे असे मागच्या दाराने येते. रान भाजून नाचणी-वरी पेरायची कुमेरी शेती वेळीप, धनगर, गवळी अशा लोकांची होती. ती दोन्ही सरकारांनी आधी आवळली आणि मग बंद केली. कुमेरीने जंगल जळते, असे कागदावर लिहिले गेले. ज्या डोंगरावर कुमेरीवाल्याला मज्जाव झाला त्याच डोंगरावर पुढे मँगनीजच्या आणि लोखंडाच्या खाणींचे परवाने वाटले गेले, हेही कागदावरच आहे.

राखीव रान ही कल्पना युरोपीय लोकांची, असे आपल्याला शिकवले जाते. ते अर्धवट आहे. अरबस्तानात "हिमा" नावाची रीत होती : गवताचा, झाडीचा एक पट्टा राखायचा आणि तिथे चराई बंद ठेवायची. हजरत उमर यांच्या काळात अशा एका हिम्याच्या राखणदाराला दिलेली ताकीद हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. ज्याच्याकडे चार उंट, चार शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे, आणि मोठमोठ्या कळपांच्या धनवानांना अडव, असा तिचा आशय. त्यातली नावेही साधी नाहीत, मोठ्या सहाबांची आहेत. आमच्याकडच्या राखीव रानांचा नियम बहुधा उलटा होता. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे रान असो, जे १९८६ पासून फणसाड अभयारण्य आहे, की कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे रान असो, ती वाचली याचे कारण तिथे गरिबाला कुऱ्हाड घेऊन शिरता येत नव्हते. आज आपण त्या रानांचे आभार मानतो. ज्याची कुऱ्हाड तेव्हा जप्त झाली त्याच्या नातवाने काय म्हणावे हे मला सांगता येणार नाही.

असो. सावंतवाडी १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाली, रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनली आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. इथून दोघांवर एकच देश, पण वाटा वेगळ्याच राहिल्या.

गोवा छोटा असला तरी स्वतःचे सरकार असलेला. त्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीला मोले, बोंडला, खोतीगाव राखले आणि १९९९ मध्ये म्हादई व नेत्रावळी जोडली. आज राज्याच्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा, ७५० चौ. किमीहून थोडा अधिक, अभयारण्यांत आहे. त्याच वेळी सांगे, डिचोली, सत्तरी इथे डोंगर खणून जहाजे भरली जात होती. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये खाणकाम थांबवेपर्यंत हे चालले. मोलेतून रेल्वेचा दुसरा मार्ग, वीजवाहिनी आणि महामार्गाचे रुंदीकरण न्यायचे ठरले तेव्हा २०२० मध्ये गोव्याची तरुण पोरे रस्त्यावर उतरली. दोन वर्षांनी सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. दुसरीकडे जानेवारी २०२० मध्ये म्हादईत चार वाघ विषाने मेले. तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करा, असे मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये सांगितले आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेले.

सावंतवाडीचे दुःख वेगळे आहे. ती आता एका जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मुंबईहून बघणाऱ्याला ती आंब्याची, लाकडी खेळण्यांची, गंजिफाची जागा. ही खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करीत, म्हणजे रान आणि कारागीर यांचे नाते तिथे अगदी बाजारपेठेपर्यंत आलेले होते. पण जमिनीचे कागद असे गुंतलेले की वाचताना डोके गरगरते. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत "कबुलायतदार गावकर" म्हणून सगळ्या गावाने मिळून धारण केलेली जमीन, जिच्यावर पुढे सरकारचे नाव लागले. कुठे "आकारीपड", म्हणजे सारा थकला म्हणून कधीकाळी सरकारजमा झालेली. त्यात १९७५ चा खासगी वने संपादनाचा कायदा आला. मग १२ डिसेंबर १९९६ रोजी सुप्रीम कोर्टाने गोदावर्मन खटल्यात सांगितले की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते वनच. त्यानंतर सिंधुदुर्गात अनेक गावांच्या सातबाऱ्यावर "वनसंज्ञा" हा शेरा बसला. वनसंज्ञा हा शब्द मी बांद्यात पहिल्यांदा ऐकला. आधी वाटले व्याकरणातला आहे. मराठी शिकवणाऱ्याचे असे होते.

त्याच निकालावर गोव्यात समित्या बसल्या. खासगी वन कशाला म्हणायचे याची मोजपट्टी तिथे ठरली : सलग पाच हेक्टर, पाऊण हिस्सा रानझाडे आणि झाडांची सावली जमिनीच्या किमान ४० टक्क्यांवर. साडेचार हेक्टरची राई असेल तर ती या पट्टीत बसत नाही. पर्यावरणवाद्यांनी यावर कोर्टात बरेच भांडण केले.

आता आकडे. देशाचे वनक्षेत्र मोजणारी संस्था म्हणजे डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण. दर दोनेक वर्षांनी तिचा अहवाल येतो. १९८७ पासून १९९९ पर्यंत गोव्याचे वनाच्छादन साधारण १२५० ते १३०० चौ. किमी दाखवले जात होते. २००१ च्या अहवालात ते एकदम २१०० च्या घरात गेले. दोन वर्षांत आठशेहून अधिक चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याचा पाचवा हिस्सा. वर्गात मी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मुले म्हणाली, "सर, गोव्याने कमाल केली." कमाल डेहराडूनच्या संगणकांनी केली होती. त्या वर्षापासून उपग्रहाची चित्रे डोळ्यांऐवजी संगणकावर आणि मोठ्या प्रमाणावरच्या नकाशात वाचली जाऊ लागली. आधी २५ हेक्टरांपेक्षा लहान झाडी हिशेबातच येत नव्हती, आता एक हेक्टरची राईसुद्धा येऊ लागली. काजूचे बाग, माडाचे बन, घरामागची आमराई, सगळे वन झाले.

संस्थेची व्याख्याच तशी आहे. एक हेक्टरहून मोठी जागा, तिच्या दहा टक्क्यांवर झाडांची सावली, मग झाड कोणतेही असो, मालक कोणीही असो. २०२१ च्या अहवालात गोवा २२४४ चौ. किमी, म्हणजे ६० टक्क्यांवर. त्यातले सुमारे निम्मे विरळ, दहा ते चाळीस टक्के सावलीचे. सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन मात्र १२२५ चौ. किमी. सिंधुदुर्गाचीही अर्ध्याहून अधिक जमीन झाडांखाली दिसते, नोंदलेले सरकारी वन त्या मानाने फार थोडे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोणी म्हणेल, दोघेही हिरवेगार, सारखेच, चिंता नसावी. हाच आकडा विधानसभेत वाचला जातो आणि वर्तमानपत्रात छापला जातो.

बी.एड.ला माझ्यासोबत असलेला एक दोस्त बांद्याचा आहे. कोकणी मुसलमान, घरी काजूची थोडी बाग. बांदा हे आदिलशाहीतले मोठे ठाणे होते, आदिलाबाद म्हणत त्याला. त्याच्या खुणा दाखवायला त्याने मला बोलावले होते. जुन्या घुमटापेक्षा माझ्या लक्षात दोडामार्गच्या वाटेवरचा प्रवास जास्त राहिला. डोंगराच्या डोंगर एका मापाच्या, एका उंचीच्या झाडांचे. प्रत्येक खोडाला तिरपी चीर आणि खाली वाटी बांधलेली. रबर. केरळहून आलेल्या लोकांनी जमिनी घेतल्या, आधीचे रान तोडले आणि हे लावले. मी म्हणालो, हिरवं तर आहे.

तो हसला. "अरे, तुला गाडीतून हिरवं दिसतं. माकडाला विचार त्याला काय दिसतं."

मग त्याने सांगितले की या झाडीत खाली काही उगवत नाही, फळ नाही, पाखरू थांबत नाही. २००२ पासून कर्नाटकातून तिलारीच्या खोऱ्यात हत्ती उतरू लागले, ते पुढे माडांच्या आणि केळीच्या बागांत शिरले. वाघ म्हादईतून तिलारीकडे, तिलारीतून आंबोलीकडे सरकतो. त्याला गोवा आणि सावंतवाडी ही दोन नावे माहीत नाहीत. त्याचा रस्ता मध्येच रबराच्या भिंतीत अडतो. उपग्रहाला मात्र तिथे काही बिघडलेले दिसत नाही. रान होते तेव्हाही हिरवे, रबर आले तेव्हाही हिरवे. तोड आणि लागवड यांच्यामधली दोन-तीन वर्षे सोडली तर आकडा तसाच.

पर्यावरण संघटना यासाठी मुंबई हायकोर्टात गेल्या. २०१३ मध्ये कोर्टाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा, असा आदेश मार्च २०२४ मध्ये दिला. मधल्या काळात सरकारनेही काही केले. तिलारीचे सुमारे २९ चौ. किमी २०२० मध्ये आणि आंबोली-दोडामार्गचे सुमारे ५७ चौ. किमी पुढच्या वर्षी संवर्धन राखीव झाले. गोव्याच्या साडेसातशेसमोर ही बेरीज मांडून बघा. सत्तरी १७८० च्या दशकात पोर्तुगीजांकडे गेली नसती तर म्हादईचे काय झाले असते, असे मला त्या दिवशी वाटून गेले. इतिहासात "असते तर" चालत नाही हे मीच मुलांना शिकवतो. आणि पोर्तुगीजांनी जंगल वाचवले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, खाणींचे परवाने त्यांनीच वाटले. पण ज्या जमिनीचा मालक एकच होता, सरकार, ती जमीन १९९९ मध्ये एका अधिसूचनेने राखता आली. जिचे मालक हजार होते ती प्रत्येकाच्या मुलीच्या लग्नात, प्रत्येकाच्या दवाखान्याच्या बिलात तुकड्यातुकड्याने गेली.

दोस्ताला मी विचारले, तुझ्या बागेला वनसंज्ञा लागली तर चालेल का?

तो बराच वेळ गप्प राहिला. "माझ्या वडिलांनी खड्डे खणून लावलेला काजू आहे तो. त्याला वन म्हणणार आणि मलाच कुऱ्हाड लावू देणार नाहीत. आणि ते रबर बघ, त्यालाही वनच म्हणणार." थोड्या वेळाने म्हणाला, "वरच्या देवराईला वन म्हणा. तिला कोणी हात लावत नाही, आमचे लोकसुद्धा नाही."

परतीच्या वाटेवर मला जंगल या शब्दाचाच विचार येत होता. उर्दूत वनखाते म्हणजे महकमा-ए-जंगलात, मराठीतही म्हातारी माणसे जंगल खातेच म्हणतात. इंग्रजांनी हा शब्द इथूनच उचलला आणि त्याला गच्च, ओल्या, अंधाऱ्या अरण्याचा अर्थ चिकटवला. मूळ संस्कृत "जांगल" मात्र कोरड्या, उघड्या, काटेरी झुडपांच्या मुलखाला म्हणत. आयुर्वेदात दलदलीच्या "अनूप" देशाच्या उलट "जांगल" देश येतो. म्हणजे जुन्या अर्थाने आंबोली जांगल नाही, आमचे कोपरगाव आहे. आमच्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य आहे, जेमतेम २.१७ चौ. किमीचे, गवत आणि काटेरी झुडपांचे. काळविटाला तेच लागते, दाट झाडीत तो राहत नाही. उपग्रहाच्या दहा टक्क्यांत असे माळरान बसत नाही. मग पडीक म्हणून त्यावर कोणाचीही नजर जाते.

सुट्टीनंतर त्या मुलीने आपला प्रकल्प बदलून आणला. हैती काढून टाकले होते. मोठ्या कागदावर दोन नकाशे, एक १७६० चा आणि एक आजचा. खाली तक्ता, त्यात गोवा आणि सावंतवाडी असे दोन रकाने, आणि आडव्या ओळी तीन : दप्तरातले वन, उपग्रहातले वन, अभयारण्य. आकडे तिने नीट भरले होते, रबर आणि काजू वेगळ्या रंगात दाखवायचा प्रयत्नही केला होता. फक्त एका जागी पेन अडले होते. १७६० च्या नकाशाखाली सत्तरीचे रान कोणत्या रकान्यात धरायचे?

मी म्हणालो, त्या वर्षी सावंतवाडीत धर.

"आणि वाघ, सर? तो तर अजून दोन्हीकडे येतो-जातो."

तासाची घंटा झाली होती. तिने पट्टी घेतली आणि दोन रकान्यांमधली रेघ त्या ओळीपुरती खोडरबराने पुसली.